समोरच्या वाडीतला अंधार

आमच्या सासरच्या घराला गावात ‘बोटवाले’ म्हणतात. वेल्ह्याच्या डोंगरात, जिथं पावसाळ्यात ओढा ओलांडताना माणसं देवाचं नाव घेतात, तिथं बोटवाले! घरातल्या एकालाही पोहता येत नाही. लग्न करून आले तेव्हा मला या नावाची लाज वाटायची. मी भोरची, वडील कचेरीत, घरात रोजचा पेपर येणारा. आणि सासर असं, की बाजारात कुणी नावानं हाक मारली तरी चार माणसं वळून हसणार. पुढं भोरच्याच एका शाळेत मी इतिहास शिकवायला लागले, या नावामागची हकिगत जुळवत गेले, आणि त्या लाजेचा गर्व कधी झाला ते माझं मलाच कळलं नाही. तो गर्व यंदाच्या खंडेनवमीपर्यंत टिकला.

हकिगत सुरू होते समुद्रावर. वरंध घाट उतरून खाली गेलं आणि खाडीच्या कडेकडेनं चालत राहिलं, की खाडीच्या तोंडाशी एक जुना किल्ला लागतो. बांधला आपल्या माणसांनी, पुढं घेतला इंग्रजांनी. त्यांनी तोफा काढल्या आणि पश्चिमेच्या बुरजावर डोलकाठी उभी केली. समुद्रात बोट दिसली की काठीवर निशाणं चढायची. बोट कुणाची, आत शिरायला पाणी पुरेसं आहे का, बोटीवर कुणाला साथीचा आजार तर नाही, हे सगळं रंगीत कापडांनी विचारायचं आणि बोटीनं कापडांनीच उत्तर द्यायचं. रात्री दिवा. दिव्यापुढं पत्र्याची झडप. उघडायची, मिटायची, जास्त वेळ उघडी ठेवायची. त्या उघडझापीची एक भाषाच होती. मग कुणा साहेबाच्या डोक्यात आलं, की बोटीशी जे बोलता येतं ते डोंगराशीही येईल. झालं, किल्ल्यावरून घाटमाथ्याला, घाटमाथ्यावरून आमच्या टेकडीला, आमच्या टेकडीवरून पुण्याच्या दिशेला, अशी ठाण्यांची साखळी उभी राहिली. डाकवाला घाट चढायच्या आत खबर वर पोचलेली असायची.

आमची टेकडी म्हणजे गावामागचा लहानसा गड. गड तरी काय, दोन बुरूज, ढासळलेला तट आणि शेवाळलेलं पाण्याचं टाकं. तोरणा आणि राजगड शेजारी असताना त्याच्याकडं कोण ढुंकून बघतो! पण माथ्यावर चुन्यात बांधलेला एक चौकोनी कट्टा आहे, आणि त्याच्या मधोमध गोल भोक आहे. डोलकाठी तिथं रोवलेली असायची. गाव त्याला निशाणाचा कट्टा म्हणतं. या कट्ट्यावर निशाणं वाचायला इंग्रजांनी खालून, त्या खाडीवरच्या किल्ल्यावरून, एक माणूस वर आणला. तो आमच्या ह्यांचा पूर्वज. समुद्र सोडून आलेला म्हणून गावानं त्याला बोटवाला केलं, थोडी जमीन मिळाली, तो इथलाच झाला. पुढं तारायंत्र आलं आणि ठाणं बंद पडलं. डोलकाठी कुणाच्या तरी घराच्या आढ्याला गेली असणार. झडपेचा पितळी दिवा मात्र आमच्या घरात राहिला, कारण तो परत मागायला कुणी आलंच नाही.

एकदा शाळेची सहल मी मुद्दाम त्या खाडीवरच्या किल्ल्यावर नेली. तिथंही तसाच कट्टा, तसंच भोक. मी त्यात हात घातला आणि मुलांसमोर माझे डोळे भरून आले. मुलं बिचारी समुद्र बघायला आलेली, त्यांना बाई भोकात हात घालून रडताना दिसल्या. निशाणं कशी चढत, झडप कशी मिटत, एका ठाण्यावरून दुसरं ठाणं कसं दिसे, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले. पण खबर कसली जायची, आणि ती गेल्यावर खाली कुणाचं काय व्हायचं, हे मी कुणालाही विचारलं नाही. इतिहासाच्या शिक्षिकेला हे विचारायचं सुचू नये, याची मला आता लाज वाटते.

तर तो दिवा. खंडेनवमीला जो तो आपापली हत्यारं पुजतो. कुणी कोयता-विळा, कुणी नांगर, हल्ली ट्रॅक्टर आणि टेम्पोलाही झेंडूची माळ पडते. आमच्या घरात पूजा असते दिव्याची. तिन्हीसांजेला तो वाजतगाजत टेकडीवर न्यायचा, कट्ट्यावर ठेवायचा, पेटवायचा. त्यात घालायचं तेल तांब्याच्या कळशीतून वर न्यायचा मान घरातल्या सर्वांत नव्या सुनेचा. पुढची सून येईपर्यंत तो तिच्याकडंच राहतो. माझ्या मागून घरात लवकर कुणी आलीच नाही, म्हणून लग्नाच्या वर्षापासून ते गेल्या वर्षापर्यंत तेल मीच नेलं. ताप असताना नेलं, मुलगा पोटात असताना नेलं, गुडघे कुरकुरायला लागल्यावर दर टप्प्याला बसत-उठत नेलं. भोरच्या माझ्या मैत्रिणी चिडवायच्या, “नव्या नवरीचे केस पिकले गं!” मी हसायचे, पण मान काही सोडत नव्हते. बाटगा जास्त कडवा असतो म्हणतात, त्यातलीच मी. त्या घरात जन्मलेल्यांना नव्हता इतका अभिमान मला होता.

आता समोरची वाडी. टेकडीच्या समोर, नदीपल्याड, मोजकी घरं आहेत. नकाशावर बघितलं तर हाकेच्या अंतरावर, पण रस्त्यानं जायचं तर पार मार्गासनीच्या बाजूनं वळसा पडतो. आमच्या ओट्यावरून ती वाडी मी रोज बघितली, गेले कधीच नाही. नवमीला आमचा दिवा पेटला, की ती वाडी काळोखात असायची. एका घरात दिवा नाही, एका छपरातून धूर नाही, आमच्या बाजूची दारं बंद. गावातली माणसं चेष्टा करायची, “समूरच्या वाडीला नवमीला रातांधळं हुतं.” कुणी म्हणायचं, त्यांचा देव वेगळा. मला असली उत्तरं पटत नसत. मी शिकलेली. म्हणून मी माझ्या बुद्धीनं एक कारण शोधून काढलं. ठाणं चालू असताना भोवतालचे दिवे बंद ठेवावे लागत असणार, नाहीतर दुरून बघणाऱ्याला खबरीचा दिवा कुठला आणि घरातला कुठला ते कळायचं नाही. ती शिस्त वाडीनं एक दिवस का होईना अजून जपली आहे! कारण इतकं चपखल बसलं, की दोनचारदा सांगितल्यावर ते मीच रचलंय हे मी विसरले. वर्गात सांगितलं, हळदीकुंकवाला सांगितलं, गड बघायला येणाऱ्या पुण्याच्या मंडळींना तर पाठ म्हणून दाखवल्यासारखं सांगितलं.

मुलानं पुण्यात नोकरीच्या ठिकाणी लग्न जमवलं आणि मुलगी निघाली नेमकी समोरच्या वाडीची. शिकलेली, औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करणारी, कमी बोलणारी, पण बोलली की मुद्द्याचं. मला आवडली. साखरपुडा आम्ही भोरला हॉल घेऊन केला. पंगती उठल्यावर विहीणबाई माझ्याजवळ आल्या. काटक बाई, डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. म्हणाल्या, “येक मागनं हाय. नवमीच्या दिशी पोरीला म्हायारी धाडत जावा.”

मी हसलेच. “अहो विहीणबाई, नवमीलाच तर तिचा मान! वर्षाचे बाकी सगळे दिवस न्या तुम्ही, तो एक सोडून.”

“बरं,” एवढंच म्हणून त्यांनी पदर सारखा केला. घरी आल्यावर मी हे सगळ्यांना रंगवून सांगितलं. मानाची किंमत कळायला तसं घराणं लागतं, असंही एक वाक्य मी त्यावर चढवलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई म्हणायची ते खोटं नव्हतं.

यंदाची नवमी म्हणून माझ्यासाठी मोठी होती. मान हातातून जाणार याचं वाईट वाटत होतं आणि गुडघ्यांना सुटका मिळणार याचा आनंदही होता. माझ्या पुतण्यानं गावातल्या पोरांना घेऊन गडाची साफसफाई करणारं मंडळ काढलंय. त्यांनी यंदा पुण्याहून बरीच माणसं बोलावली होती, आणि सारोळ्याच्या एका मित्राकडून भला मोठा स्पीकर, माईक आणि जनरेटर आणला होता. आमचा पुतण्या म्हणजे हौशी गवई, सकाळपासून टेकडीवरून त्याचं ‘हॅलो, हॅलो’ चाललेलं.

दुपारी मी दिवा चिंचेनं घासत बसले होते. सून जवळ येऊन बसली. म्हणाली, “आई, मी आज वर नाही गेले तर चालेल?”

“का गं? अडचण आहे का काही?”

“नाही, तसलं काही नाही.”

“मग?” मी विचारलं, पण उत्तराला थांबले नाही. मला वाटलं, पोरीला चढाचा कंटाळा, नाहीतर माणसांत मिरवायची लाज. मग मी तापातली चढण सांगितली, पोटुशी असतानाची सांगितली, केस पिकल्याची थट्टाही सांगितली. “इतकी वर्षं मी सांभाळलं ते तुझ्या हातात देतेय, आणि तू पहिल्याच वर्षी पाठ दाखवतेस?” असं म्हणाले. ती उठली आणि कळशी धुवायला घेऊन गेली. तिला ते पटलं, असं मी धरून चालले.

तिन्हीसांजेला आम्ही वर गेलो. पुढं हलगी, मागं दिवा घेतलेले आमचे हे, त्यांच्यामागं हिरवी साडी नेसलेली, कळशी कमरेवर घेतलेली सून. फोटो काढणाऱ्यांनी तिला दोनदा थांबवलं. तिनं दिव्यात तेल घातलं तेव्हा थोडं कट्ट्यावर सांडलं. मी हळूच म्हणाले, “पहिल्यांदा माझंही सांडलं होतं.” दिवा पेटला. पुतण्यानं माईक माझ्या हातात दिला.

मग काय विचारता! समुद्रावरच्या किल्ल्यापासून सुरुवात केली, निशाणं फडकवली, झडपा उघडल्या, मिटल्या. आणि शेवटी नदीपल्याड हात करून म्हणाले, “समोर बघा. भरलेली वाडी आहे ती, पण एक दिवा दिसतोय का? खबरीच्या दिव्यात दुसऱ्या उजेडाची भेसळ नको म्हणून ही माणसं आजही आपले दिवे विझवतात. ठाणं बंद पडलं, इंग्रज गेले, पण त्यांची शिस्त गेली नाही. आणि योगायोग बघा, त्याच वाडीची लेक आज आमच्या दिव्याला तेल घालते आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी सुनेला हात धरून पुढं ओढलं. ती खाली बघत उभी राहिली आणि मला वाटलं, लाजली.

खाली घरी आलो, पुरणपोळीच्या पंगती बसल्या. तिनं सगळ्यांना वाढलं. शेवटी बायका बसलो तेव्हा तिचं ताट दिसेना. मी आत गेले, तर ती चुलीजवळ भिंतीला टेकून बसलेली. मी चढ्या आवाजातच म्हणाले, “अगं, नव्या नवरीनं उपाशी राहायचं असतं का? आज उपास सुटतात, धरत नाहीत.”

“मी नाही जेवत, आई. आमच्याकडं नवमीला सांजेला चूल पेटत नाही. पेटलेल्या चुलीवरचं खातही नाहीत.”

“हे कुठलं व्रत?”

“व्रत नाही,” ती म्हणाली. आणि मग तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. “इंग्रजांच्या वेळी आमच्या वाडीतली काही माणसं बंडात होती. रानात लपून असायची. घरी बायका-पोरं. त्यांच्या चुली संध्याकाळी पेटायच्या नाहीत, घालायला दाणाच नसायचा. सकाळची भाकरी पुरवायची. नवमीला ती माणसं घरी आली. हत्यार घरच्या देवापुढंच पुजायचं असतं ना, म्हणून आली. बायकांनी त्यांच्यासाठी चुली पेटवल्या. वरून दिसल्या.”

“कुणाला दिसल्या?” मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

“दिवेवाल्याला. रोज वरून वाडी बघणारा माणूस तो. कुठल्या घरात सांजेला चूल पेटते आणि कुठल्या घरात पेटत नाही, त्याला सगळं माहीत. त्यानं दिवा दाखवला. पहाटे शिपाई आले आणि बरोबर त्याच घरांत शिरले. जी माणसं नेली त्यातलं परत कुणी आलं नाही. तेव्हापासून नवमीला आमच्याकडं चूल पेटवत नाहीत. दिवा लावत नाहीत. दार उघडत नाहीत.”

मी तिच्या समोर खाली बसले. अंगावरची नवी साडी मला टोचायला लागली. बाहेर पंगतीत कुणीतरी माझ्या भाषणाची तारीफ करत होतं, ती आत ऐकू येत होती. त्या क्षणी मला कुणी कोपऱ्यातल्या मांडणीमागं लपवून ठेवलं असतं तर मी गेले असते.

“मला आधी का नाही सांगितलंस?” मी म्हणाले. माणूस किती निर्लज्ज असतो! अशा वेळीसुद्धा आधी दुसऱ्याची चूक शोधतो.

“विचारलं होतं की दुपारी. आणि ह्यांना सांगितलं होतं. हे म्हणाले, आईचा जीव आहे त्या दिव्यात, एकदा जा, पुढच्या वर्षी बघू.” मुलगा दारात येऊन उभा होता. त्यानं मान खाली घातली. ती पुढं म्हणाली, “मला एकच कळत नाही, आई. उद्या दसरा. सोनं द्यायला माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ? वाडीनं दिवा बघितलाय. नव्या सुनेनं तेल नेलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. आईनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही तर मी काय करू?”

मी तिच्या समोरून उठले. आमच्या ह्यांना एकीकडं घेऊन विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का? त्यांनी पानाचा डबा पुढं ओढला. म्हणाले, “म्हातारी मानसं म्हनायची, दिवा लावला की वाडीकडं बघू नगा. का, ते कुनी इचारलं न्हाई. आता कशाला उकरून काढायचं?” मला त्यांचा राग आला. मग वाटलं, ते निदान तिकडं बघत तरी नव्हते. मी तर तिकडं बोट करून टाळ्या घेतल्या.

दसऱ्याला सकाळी मी सुनेला म्हटलं, “चल, मी येते तुझ्याबरोबर.” तिनं नको म्हटलं नाही, चलाही म्हटलं नाही. मुलानं गाडी काढली. आपट्याची पानं मांडीवर घेऊन मी मागं बसले आणि वळशाच्या सगळ्या रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत राहिले. चांगलं भाषण तयार झालं होतं. त्यात क्षमा होती, इतिहास होता, दोन घराण्यांचं मीलन होतं. वाडीत पोचेपर्यंत त्यातला एक शब्द मला बोलवेल असं वाटेना.

वाडीत दारं उघडी होती, उंबऱ्यांवर झेंडूची तोरणं होती. माणसं हसून “या, या” म्हणत होती. पोरं रस्त्यातून बाजूला सरकली. मला वाटलं होतं कुणी तोंड फिरवेल, कुणी टोमणा मारेल. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मला निदान काही सोसल्यासारखं वाटलं असतं. व्याह्यांनी खुर्ची पुसून दिली, मुलाला घेऊन ते अंगणात बसले. विहीणबाईंनी माझ्या पायावर पाणी घातलं. मी दिलेलं सोनं त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि मला वाकून नमस्कार केला.

मग लेकीनं पानं पुढं केली. ती त्यांनी घेतली नाहीत.

“तू का गेलीस वर?” त्या म्हणाल्या. आवाज एकदम बदलला. “न्हाई म्हनाया तोंड नव्हतं तुला? येवढी शिकलीस, पुन्यात ऱ्हातीस, न्हाई म्हनाया आलं न्हाई? समदी वाडी अंधारात बसल्याली आन् माजी लेक तिकडं तेल वततीया!”

सून उंबऱ्याच्या बाहेर हात पुढं करून तशीच उभी. मी खुर्चीवर. पायावरचं पाणीही अजून वाळलं नव्हतं. सगळा गुन्हा माझा, मला खुर्ची. आणि माझं ऐकलं म्हणून तिला बोलणी. मी उठले. “विहीणबाई, तिला बोलू नका. ती नको म्हणत होती. मी पाठवली तिला.”

“तुमी नगा मधी बोलू,” त्या लगेच आवाज खाली आणून म्हणाल्या. “तुमी पावन्या. तुमाला काय म्हनायचं आमी?” आणि पुन्हा लेकीकडं वळून, “जेवलीस काल सांजेला?”

“न्हाई.”

“काय बी न्हाई?”

“न्हाई, आई. पानी प्याले फकस्त.” इतके महिने माझ्या घरात जी अशी बोलली नव्हती, ती तिथं तशी बोलली.

विहीणबाई पुढं झाल्या. मग त्यांनी पदरानं तिचं तोंड पुसलं, तिच्या हातातली पानं घेतली आणि तिला दंडाला धरून आत ओढली. “ये. सकाळच्या भाकरी हायेत, खा आदी.” ती उंबरा ओलांडून आत गेली तेव्हा माझ्या छातीवरचा एक दगड उतरला. पण तो तिचा होता. माझा तसाच राहिला. तिचं उपाशी राहणं तिला माहेरी सोडवून घेऊन गेलं. मी पुरण खाल्लं नव्हतं ते भूक मेली म्हणून, त्याला काही किंमत नव्हती.

थोड्या वेळानं विहीणबाईंनी मला आत बोलावलं. ओटी भरायची होती. देव स्वयंपाकघरातच होते. त्यांनी पाट मांडला, मी बसले. पाटाच्या समोर परसदार होतं, सताड उघडं. आणि त्या दारातून, नदीवरून, थेट आमची टेकडी दिसत होती. बुरूज दिसत होते. निशाणाचा कट्टा दिसत होता, त्यावर पोरांनी काल विसरलेली झेंडूची माळसुद्धा केशरी ठिपक्यांसारखी दिसत होती. ती टेकडी मी या बाजूनं कधी बघितलीच नव्हती. माझ्या डाव्या हाताला चूल होती, तिच्यात लाल निखारे होते, आणि कट्टा आणि चूल यांच्या मधे काही म्हणजे काही नव्हतं. तिथं उभा असलेला माणूस या चुलीतला जाळ बघू शकत होता. ही बाई आणि तिच्या आधीच्या बायका तो कट्टा डोळ्यांसमोर ठेवून रोज भाकरी भाजत आल्या होत्या.

मी जुळवलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. “विहीणबाई, देवाशपथ सांगते, मला ठाऊक नव्हतं,” एवढंच तोंडातून आलं.

हळदीकुंकवाचा करंडा हातात घेऊन त्या थांबल्या. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. “ठाऊक नव्हतं? आमाला वाटायचं, तुमच्या घरात समद्यांस्नी ठाऊक आसंल. ठाऊक आसून करतात, आसंच धरून चाललो आमी.”

“तरी मुलगी दिलीत?”

“पोरगं चांगलं हाय तुमचं. दिव्याकडं बघून न्हाई दिली.” त्यांनी माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. मग जरा विचार करून म्हणाल्या, “पर ठाऊक नव्हतं, तर मंग काल मायकात काय सांगत हुता? हितं समदं साफ ऐकू येत हुतं. अंधारात बसून ऐकलं की आमी.”

त्या रागानं विचारत नव्हत्या. माहिती नाही म्हणणारी बाई एवढा वेळ कशाबद्दल बोलत होती, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. चुलीपाशी बसलेली सून भाकरी चघळायची थांबली होती.

“माझ्या मनानं रचलेलं सांगत होते,” मी म्हणाले.

“आमच्यावर?”

मी होकाराची मान हलवली. त्यांनी देवापुढचा नारळ उचलला, त्याला हळदकुंकू लावलं आणि माझ्या पदरात घातला.